कॅप्टन दिगंबरचं सुतक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते.

आमच्या चिंचवडच्या खोलीत एक लेखक देवासारखा होता. चंद्रावर जाणाऱ्या कॅप्टन दिगंबरची त्याची गोष्ट मासिकात क्रमशः यायची. आबा, म्हणजे माझे वडील, देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर. त्यांना त्या यानाच्या नटबोल्टांचंसुद्धा कौतुक. अंक आला की पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि पोथीसारखा वाचायचा. अध्याय संपेपर्यंत कुणी जेवायचं नाही. आधी आबा बोट ठेवून स्वतः वाचायचे. मोतीबिंदूनं डोळे गेले तसं वाचन माझ्याकडे आलं — शिकलेली मीच होते ना.

लहानपणी मीही वेडी होते त्याच्यापायी. मग पुण्याच्या कॉलेजात शास्त्र शिकू लागले आणि — काय सांगू — त्या माणसाची शिसारीच यायला लागली. चंद्रावर वारा सुटायचा. बायका तिथंही चुलीपुढंच. आणि चंद्रावरची माणसं काळी, मठ्ठ. दिगंबर त्यांना चाबकानं माणसात आणायचा. तिथं आबा मान डोलवायचे. हेच आबा, ज्यांना डेपोतला साहेब ‘ए काळ्या’ म्हणून हाक मारायचा.

मला हे वाचायचं नाही, एवढं सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून मी चोरवाट धरली.

एका रविवारी अंकातलं सोडून मी मनचंच वाचत गेले. यान पेटलं. दिगंबर जळून गेला. गोष्ट समाप्त. आवाजसुद्धा कापरा काढला मी — आणि अंकात तो खुशाल झेंडा रोवत होता.

आबा उठले. मग भिंत चाचपत मोरीकडे निघाले. आईनं विचारलं, “आता कुठं?”

“घरातलं माणूस गेलं न्हाई का? डोक्यावरनं पाणी घ्यायला पायजे.”

गार पाण्यानं अंघोळ केली त्यांनी. त्या दिवशी जेवले नाहीत. आणि मी? मी तोंडात पदर कोंबून हसत होते. हो, हसत होते. त्या हसण्याची जेवढी किळस मला येते, तेवढी त्या लेखकाची कधी आली नाही.

पुढचे अंक येत राहिले. ते मी गुपचूप अंघोळीच्या बंबात घालून जाळायची. आबा अधूनमधून विचारायचे, “त्यो दुसरं काय लिवत न्हाई व्हय?” मी म्हणायची, नाही. गल्लीतल्या पोरांना ते दिगंबरची गोष्ट सांगायचे, आणि शेवट सांगायचे तो माझा, तसाच कापऱ्या आवाजात. मी आत बसून ऐकायची.

तोच शेवट खरा मानून आबा गेले. त्या दिवशी मीही डोक्यावरून पाणी घेतलं. पाणी चांगलं कढत होतं — त्याच बंबातलं.