रेशमाची पट्टी

माझे वडील दोनदा वारले. पहिल्या वेळी ते चांगले शुद्धीवर होते.

आम्ही काशीच्या ब्रह्माघाटावरचे. आप्पा वेद शिकवायचे. नवरा गेल्यावर मी जनाना इस्पितळात नर्सचं शिक्षण घेऊ लागले, तेव्हापासून घाटावर आप्पांशी कोणी धड बोलेना. इस्पितळातल्या गोऱ्या मेट्रनचा नियम असा, की पुढच्या मुलीनं मागच्या मुलीला शिकवायचं. माझ्या वाट्याला दुर्गा आली. तिनं शिकवलेली जबड्याची पट्टी मला काही केल्या जमेना. परीक्षा दुसऱ्या दिवशी. नापास झाले तर कायमची घरी.

"घर में कोई सिर नहीं है?" दुर्गानं विचारलं.

होतं, पण ते सोवळ्यात होतं! तरी मी तिला घेऊन घरी आले.

"सुती पट्टी चालायची नाही. रेशमाला दोष नाही," आप्पा म्हणाले, आणि पेटीतून माझ्या गेलेल्या आईचं रेशमी लुगडं काढून त्यांनी स्वतःच त्याच्या पट्ट्या फाडल्या. मला रडू आलं. (दुर्गाला वाटलं, परीक्षेच्या भीतीनं.)

रेशीम घसरतं, हे दुर्गालाही कोणी शिकवलं नव्हतं. पट्टी कपाळावरून डोळ्यांवर आली, डोळ्यांवरून नाकावर.

"और कसो," दुर्गा उंबऱ्यातून म्हणाली.

मी आप्पांना आडवं केलं, हनुवटीखालून पट्टी घेतली आणि टाळूवर करकचून गाठ मारली. रोग्यानं हलायचं नसतं, हे मीच त्यांना बजावलं होतं. तेवढ्यात शेजारच्या भागीरथीकाकू विरजण मागायला आल्या. आप्पा उताणे, जबडा बांधलेला, उशाशी मी डोळे पुसतेय. काशीत याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

"अगं सुशे, गेले आणि खबरसुद्धा दिली नाहीस?"

मी तोंड उघडायच्या आत त्या गल्लीत पोचल्या. गाठ सुटेना. वर्षभर न बोललेली माणसं बांबू घेऊन आली, रडली. तेव्हा आप्पा उठून बसले. बांबूवाले दोघे जिन्यावरून पडले. त्यांना दुर्गानं बांधलं, अगदी सुरेख.

गाठ सुटल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "आली गं सगळी."

मी पास झाले. पुढच्या माघात आप्पा खरंच गेले. ती पट्टी त्यांनी घडी करून जपली होती. तिनंच मी त्यांचा जबडा बांधला. गल्लीतून कोणी धावलं नाही. भागीरथीकाकू तेवढ्या दारातून डोकावल्या.

"पुन्हा परीक्षा का गं?"

मी गाठ पुन्हा एकदा चाचपली. पट्टी तसूभरही घसरली नव्हती. रेशमाची पट्टी मला जन्मात तेवढी एकदाच जमली, आणि नेमकं त्या दिवशी तपासायला कोणी नव्हतं.