डॉक्टर पास करणाऱ्या वन्सं

सफाळ्यापासून तारापूरपर्यंत पाटी लावून बसलेल्या एकाही डॉक्टरला माझ्या नणंदेने तपासल्याशिवाय सोडलेलं नाही. डॉक्टरने वन्संना तपासलं, असं मात्र कधी घडत नसे. वन्सं राहतात पालघरजवळच्या माहीमला, नारळाच्या वाडीत. पण बोईसरला नवा दवाखाना उघडला की आम्हा बोईसरकरांच्या आधी त्यांना खबर लागते. मग त्या एसटी बदलून येतात आणि काहीही दुखत नसताना नंबर लावतात.

आधी नुसत्या बाकावर बसून त्या आतून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघतात. मग शेजारच्या मेडिकलवाल्याला गोड आवाजात विचारतात, "डॉक्टर स्वतःच्या बायकोला कोणतं औषध नेतो रे?" शेवटी आत जाऊन, अजिबात न दुखणारा गुडघा धरून अशा कण्हतात की बाहेरचे पेशंट आपलं दुखणं विसरतात. लगेच सुई काढली तो डॉक्टर नापास. सलाइनचं नाव काढलं तो कायमचा नापास. सफाळ्याला एकजण कानाला मोबाइल लावून नाडी बघत होता. वन्संनी हात काढून घेतला. "तुमचं होऊ द्या सावकाश, तवर माझी नाडी बसते इथंच." बोईसरच्या एकाने काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवले होते. "खायचे नाय, विकायचे नाय, मग पाळलेत कशाला? याच्याकडं पेशंट नाय वाटतं," म्हणून तोही बाद.

यातून जो पास होईल, त्याच्याकडे सगळ्या खानदानाची वर्षाची तपासणी. तीही आगोटीत. पावसाळ्याआधी आमच्याकडे तांदूळ, मसाला, सुके बोंबील भरून ठेवतात, ती आगोट. वन्संनी त्यात आमचं रक्तही घातलं. "एकदा पाऊस लागला की तुमच्यातलं कोण पाय उचलत नाय," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर मे महिन्यात आम्ही सगळे उपाशीपोटी, जांभया देत लॅबच्या बाकावर. माझ्या नवऱ्याची साखर वेळेत सापडली ती या बाकावरच, तेव्हा मी तक्रार करत नाही. वन्सं स्वतः मात्र दारात उभ्या राहून कोणी पळत नाही ना, एवढंच बघत. त्यांना विचारलं की म्हणत, "मी तर बारा महिने डॉक्टरांकडंच असते गं वहिनी! माझी येगळी तपासणी कशाला?" आणि त्यांना हे खरंच वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात पालघरला एक तरुण डॉक्टरीण आली. वन्सं गुडघा घेऊन गेल्या, सोबत मी. डॉक्टरणीने त्यांना चालायला लावलं, बसवलं, उठवलं आणि म्हणाली, "मावशी, गुडघा तुमचा माझ्यापेक्षा चांगला आहे. आता जरा हात द्या." वन्सं काही बोलायच्या आत दंडाला पट्टा आवळला गेला होता. प्रेशर चांगलंच वर होतं. "रक्त तपासून घ्या आणि आठवड्याने परत या," एवढंच तिने सांगितलं. ना सुई, ना सलाइन.

"नापास," वन्सं बाहेर येऊन म्हणाल्या.

"का?"

"गुडघा दाखवला तर गुडघ्याचं बोलावं. नको तिथं नाक खुपसते."

"वन्सं, ती पास झाली. नापास तुम्ही झालात."

त्या तडक जाऊन माहीमच्या एसटीत बसल्या. आठवडा गेला, महिना गेला, त्या काही डॉक्टरणीकडे फिरकल्या नाहीत. समजूत घालणं मला जमत नाही, म्हणून मी सरळ संप पुकारला. आगोटीच्या तपासणीला सगळे लॅबमध्ये जमलो आणि कोणीच हात पुढे करेना. सकाळच्या चहाशिवाय ज्याचे डोळे उघडत नाहीत तो माझा नवराही म्हणाला, "ताई, आधी तू. तवर मी हा असा उपाशी बसतो."

"मर मग उपाशी!" वन्सं कडाडल्या. त्याने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. माझ्या जावेने दंडावर पदर घट्ट ओढून घेतला. 

शेवटी वन्सं माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "माझ्यात काय निघालं, तर तुमच्याकडं कोण बघनार गं?"

"आम्ही बघू."

"तुमी?" त्यांनी बाकावरच्या आमच्याकडे एकेक करून बघितलं. पटल्यासारखं काही दिसलं नाही. पण हात पुढे केला, आणि सुई टोचेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

साखरही निघाली. आता रोज गोळ्या आहेत, चालणं आहे, सुक्या मासळीला कात्री आहे. सकाळी मी फोन करते. "गोळी घेतली?" तिकडून उत्तर येतं, "घेतली गं." शहाण्या मुलीसारखा, पडलेला आवाज. तब्येतीसाठी हे उत्तम आहे, मला माहीत आहे. तरी फोन ठेवल्यावर वाटतं, एखाद्या दिवशी त्यांनी मला चांगलं फैलावर घ्यावं.