सोडू?

पेणच्या कॉलेजात आमचा नाचाचा ग्रुप होता. मिठागराकडच्या गावातून येणारी एक सीनिअर आम्हाला जोडीने नाचायला शिकवायची. गुडघे वाकवून ती मला आपल्या मांड्यांवर उभी करायची, माझे पाय घट्ट धरायची आणि विचारायची, "सोडू?" मी "व्हय" म्हटल्याशिवाय तिचे हात सुटत नसत. मिठाची पाटी दुसरीच्या डोक्यावर देताना असंच विचारतात, एवढंच ती एकदा बोलली होती. शाबासकी वगैरे तिच्याकडे नव्हतीच. मला तिचा रागच यायचा.

रोह्याच्या स्पर्धेत "सोडू?" ऐकलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. बाकीच्या जोड्या धरलेले पाय सोडून, हात पसरून उभ्या राहिल्या. ही मात्र कॅसेटवरचं गाणं संपेपर्यंत माझे पाय धरून राहिली. बक्षीस गेलं. परतताना एसटीत सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या.

"ती व्हय म्हणालीच नाय," सीनिअर त्यांना म्हणाली. "मी सोडू कशी?"

पुढच्या प्रॅक्टिसला तीच माझ्या मांड्यांवर चढली. "आता तू धर गो."

मी धरलं. "सोडू?"

"व्हय."

तिने इतक्या सहज म्हटलं, आणि माझे हात काही सुटेनात.