लिहून झालेले कागद

आमच्या घरात काही टाकून देत नसत. हे मी कौतुकाने सांगतो आहे की तक्रारीने, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून आधी नुसतं काय होत असे तेवढं सांगतो. रॉकेलचा डबा रिकामा झाला की पाण्याला लागे. त्याला भोक पडलं की वडील तो उघडून, ठोकून सपाट करत आणि गोठ्याच्या छपराला ठिगळ लावत. खाडीवरच्या कोळ्यांनी टाकलेलं जाळं आमच्या मिरच्यांभोवती कुंपण होऊन बसे. आईचं लुगडं फाटलं की त्याची झबली, झबल्यांची पोतेरी, आणि त्यातूनही काही उरलं तर दिव्याच्या वाती.

कागद मात्र आमच्याकडे फारसा येतच नसे. शाळेत पाटी होती. वाण्याकडून साखर यायची ती कागदात बांधून, आणि आई तो कागद झटकून फळीवर ठेवायची. पुरेसे साठले की भिजवायची, कुटायची, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची आणि तो लगदा पालथ्या तपेल्यावर थापून टोपली करायची. मेथीमुळे टोपली घट्ट होते आणि तिला कीड लागत नाही. आईच्या टोपल्यांत पोहे वर्षभर राहत. पावसाळ्यात टोपली थोडी मऊ पडे, पण उन्हं आली की पुन्हा टणक. गावात दुसऱ्या कोणाला ती तशी साधत नव्हती.

मी मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या कॉलेजात गेलो. आमच्या घरातून शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. नादारी मिळाली होती, म्हणजे फी माफ होती, पण इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, परीक्षेत पहिल्याच खेपेस पास झालो तरच ती पुढे चालणार होती. वडिलांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की नादारी गेली तर परत यायचं आणि नांगर धरायचा. ते रागाने बोलले नव्हते. दुसरं काही त्यांना शक्यच नव्हतं.

मला इंग्रजी भराभर समजत नसे, पण लिहिणं भराभर जमे. म्हणून प्रोफेसर जे बोलत ते मी शब्दन् शब्द उतरवून घेई. इंटरच्या वर्षी पहिल्या सहा महिन्यांत सहा जाड वह्या झाल्या. त्या ट्रंकेत ठेवून झाकण लावलं की मला अभ्यास झाल्यासारखं वाटे.

नाताळच्या सुट्टीत मी आगबोटीने दिघीला उतरून घरी आलो. आईसाठी वसतिगृहातली जुनी वर्तमानपत्रं आणली होती. ती मी ट्रंकेत वह्यांच्या वर घातली होती. आल्या आल्या आईला सांगितलं की ट्रंकेत तुझ्यासाठी कागद आणलेत. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील आणि मी मामाकडे गेलो. त्याची भाताची झोडणी उरली होती आणि माणसं कमी पडत होती. तिथे चार दिवस गेले.

परत आलो तेव्हा अंगणात पाच तपेली पालथी होती आणि त्यांवर पाच टोपल्या वाळत होत्या. रंग निळसर होता. जवळ गेलो तर एकीच्या काठाला माझ्या अक्षरातला अर्धा शब्द दिसला.

आई खुशीत होती. एवढा कागद गावात कोणी बघितला नव्हता, असं ती वडिलांना सांगत होती. तिने निष्काळजीपणा केला असंही नव्हतं. वह्यांची शिवण उसवून मागची कोरी पानं तिने वेगळी काढली होती आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून पाट्याखाली दाबून ठेवली होती.

"कोरे ठेवलेत तुला," ती म्हणाली. "लिवून झालेले तेवढेच घेतले."

मी ओट्यावर बसलो. वडिलांनी काय झालं म्हणून विचारलं. सांगितलं की परीक्षा त्या वह्यांवर होती. आईला ते कळेना. तिने मला विचारलं, "ते तूच लिवलंस ना?"

"मीच लिहिलं."

"मग तुला येत असंल की. कागद कशाला पायजे?"

वडील तपेल्यांकडे बघत होते. ते म्हणाले, "म्हंजी सा महिने ह्यानं नुस्ती शाई ढवळली."

तेव्हा मी आईला म्हणालो की तुला काय कळतंय त्यातलं. हे वाक्य मला इथे लिहायचं नव्हतं, पण ते गाळलं तर बाकीचं खोटं होईल. आई उठली. उरलेला लगदा मडक्यात होता. त्यात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि एखादं तरी पान सापडतंय का ते बघत राहिली. एकही सापडलं नाही. चूक तिची एकटीची नव्हतीच. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि ट्रंकेतले कागद तुझे असं मीच सांगून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा पाट्याखालचा गठ्ठा ओट्यावर आणून ठेवलेला होता. चांगला चार बोटं जाड होता. शेजारी दौत. आई म्हणाली, "लिव." एवढंच.

परत जाणाऱ्या बोटीला नऊ दिवस होते. मी ठरवलं की या नऊ दिवसांत डोक्यात जे असेल ते सगळं कागदावर काढायचं, आणि जे नसेल ते नाही असं कबूल करायचं. सकाळी न्याहारीच्या आधी बसायचो आणि ऊन ओट्यावर आलं की मागच्या पडवीत जायचो. इतिहास बराचसा आला. त्यात गोष्ट असते. तर्कशास्त्र मात्र येईना. प्रोफेसरांच्या वाक्यांचा नाद कानात होता, अर्थ नव्हता. युक्तिवादातल्या एका दोषाचं लांबलचक इंग्रजी नाव आठवत होतं, दोष कशात आहे ते काही केल्या आठवेना. संपूर्ण सकाळ त्या एका ओळीवर गेली.

आई समोर वाल निवडत होती. तिने विचारलं, काय अडलंय? मी आधी उत्तर टाळलं. मग त्या दिवशी तिला काय बोललो होतो ते आठवलं, आणि मी मराठीत सांगायचा प्रयत्न केला. "समज, सगळे कोळी पोहतात. हा माणूस पोहतो. म्हणून हा माणूस कोळी. यात चुकलं काय?"

तिने हात थांबवलासुद्धा नाही. "म्हशी बी पवतात," ती म्हणाली.

वडील गोठ्यातून हसले. मी मात्र हसायचं विसरून लिहायला लागलो. दोष नेमका तिथेच होता. जे लक्षण पुष्कळांना लागू पडतं त्यावरून एकालाच पकडता येत नाही. ते प्रकरण मी म्हशीचं उदाहरण घालून मराठीत लिहिलं, आणि मग मोडक्या इंग्रजीत. त्यानंतर जे अडे ते मी आधी आईला सांगून बघू लागलो. तिला पटेल असं सांगता आलं नाही, तर मलाच ते समजलेलं नाही असं धरायचं. काही वेळा ती कंटाळून उठून जाई. तेही बरोबरच होतं.

नऊ दिवसांत सहा वह्यांपैकी जेमतेम दोन वह्यांइतकं निघालं. निघताना घरात एक नियम ठरला, की राखायच्या कागदाला हळदीचं बोट लावायचं. बाकीच्या चार वह्या मी वसतिगृहातल्या एका मित्राकडून जानेवारीत उतरवून घेतल्या. तो वकिलाचा मुलगा होता. त्याने विचारलं, तुझ्या वह्यांचं काय झालं? त्यांच्या टोपल्या झाल्या असं सांगितल्यावर त्याला ती थट्टा वाटली.

जुन्यातून नवं करावं, हे मला आजही योग्य वाटतं. आमच्यासारख्या घरांना त्यावाचून गत्यंतर नाही, आणि ज्यांना आहे त्यांनीही ते करावं. फक्त वस्तूचं पहिलं काम संपलं की नाही, हे तिच्याकडे नुसतं पाहून कळत नाही. ती ज्याची आहे त्याला विचारावं लागतं, आणि त्यानेही खरं सांगावं लागतं. माझ्या वह्यांचं पहिलं काम तर सुरूच झालं नव्हतं. लिहिताना मी समजून घेतलं असतं, तर ‘मग तुला येत असंल की’ हे आईचं म्हणणं खरं ठरलं असतं.

इंटरला मी पास झालो. नादारी राहिली आणि नांगर वडिलांकडेच राहिला. इतिहासात बरे गुण पडले. तर्कशास्त्रात अगदी काठावर सुटलो. ते काठावरचे गुण म्हशीने मिळवून दिले की मित्राच्या वहीने, हे मला नक्की सांगता येत नाही. पण परीक्षेत तो दोष विचारला होता, आणि उत्तर लिहिताना मला काही आठवावं लागलं नाही.