यादविगाबाईंच्या खोलीतला झिजलेला पट्टा

सोमवार, १४ मार्च १९९४. काझिक स्तेम्पिन दुकानात आला आणि चारशे ऐंशी डॉलर परत मागू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील तेओफिल वारले, तेव्हा आई यादविगाबाईंच्या घरातली मागची खोली झेनोननं घासून नवी करून दिली होती. ओकच्या फळ्या, व्हार्निशचे तीन हात. "पंधरा वर्षं बघायला नको," असं झेनोननंच सांगितलं होतं. आता दारापासून खिडकीपर्यंत व्हार्निशचा पट्टाच उडाला होता.

झेनोन व्झोस आमचा सर्वांत जुना कारागीर. बफेलोतल्या आमच्या पोलिश वस्तीत तो गुडघ्यांवर रांगला नाही असं घर सापडणं कठीण. मी दुकानाची बिलं करायचो. छत्तीस वर्षांत त्यानं जमिनीबद्दल एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. काम चुकलं असेल तर कबूल करायचा. गिऱ्हाइकानं नासवलं असेल तर तोंडावर सांगायचा.

मी त्याच्याबरोबर गेलो. दाराशी बूट काढून नमद्याच्या सपाता घातल्या. त्या घरात बूट घालून फक्त तेओफिल शिरत असे. कारखान्यातून चारला आला की तसाच खिडकीपर्यंत जायचा, खुर्चीत बसून तिथेच बूट काढायचा. यादविगाबाई चाळीस वर्षं त्यावरून भांडल्या.

"आई म्हणते, बाबा रोज चारला येतात," काझिक हलक्या आवाजात म्हणाला. "पावलं वाजतात म्हणे. फळ्या खराब झाल्या असतील, करकरत असतील, तर समजू शकतो. जमीन ठणठणीत निघाली तर बिघाड तिच्या डोक्यात आहे. नन्सच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"म्हणजे तुझ्या आईचा डॉक्टर मी?"

"तुम्ही फक्त जमीन बघा, काका."

"बघू दे त्याला," स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या. "तो या घरात गुडघे टेकून बसलाय तेवढा तू चर्चमध्येही बसला नाहीस."

झेनोननं भिंतीकडच्या फळीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. पट्ट्यावर टाकला, तो जिरला आणि लाकूड काळं पडलं. मग त्यानं पट्ट्याच्या कडेला नाण्यानं खरवडलं. व्हार्निश नीट धरलं नसेल तर पापुद्रे सुटतात. एकही सुटला नाही. कडेला जाड, मध्ये पातळ होत होत संपलेलं. हात पक्का बसला होता. तो चालून झिजला होता.

त्यानं गाल जमिनीला टेकवून उजेडाच्या दिशेनं पाहिलं. मीही वाकलो. फळ्यांवर चंद्रकोरीसारखे बारीक खड्डे होते, टाचेच्या लोखंडी नालेचे. सगळ्यांचं तोंड खिडकीकडे. परतीचा एकही नाही.

काझिक जवळ येताच झेनोननं खड्ड्यांवर तळहात ठेवला.

"माझी चूक," तो म्हणाला. "त्या वर्षी थंडी फार होती. हात धरलाच नाही. खालच्या फळ्याही सैल झाल्यात, वाजणारच. फुकट करून देतो."

"म्हणजे आई—"

"तुझ्या आईचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

काझिकनं आईकडे एकदा पाहिलं. मग पैशांचं काही न बोलता गाडीकडे गेला.

बाईंनी लिंबू घातलेला चहा आणला. "तुला खोटं बोलता येत नाही, झेनोन. लाज वाटते बघताना."

"बूट कुठे आहेत?"

"कपाटात. बूट मी घालते. चालतो तो."

परतताना व्हॅनमध्ये मी म्हटलं, "बाई बूट खिडकीशी काढत असतील, हातात घेऊन परत येत असतील."

"पाहिलंस?"

"नाही."

"मग गप्प बस."

वृद्धाश्रमाची खाट दुसऱ्या कुणाला गेली. त्यानंतर दर मार्चमध्ये झेनोन तिथे एक हात मारून यायचा आणि बाई त्याच्या हाती खसखस भरलेला गोड पावाचा रोल द्यायच्या. शेवटचा हात १९९७ चा. त्या एप्रिलपासून बाई अंथरुणावरून उठल्या नाहीत. शेजारीण दोन वेळा येऊन सगळं करायची. फेब्रुवारीत त्या स्वतःच्याच घरात वारल्या.

घर विकायच्या आधी काझिकनं आम्हाला किल्ली दिली. कपाट त्यानं आधीच रिकामं केलं होतं. झेनोननं पट्ट्यावर पाण्याचा थेंब टाकला.

थेंब जिरला.

त्यानं पुन्हा टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्हॅनमधून व्हार्निशचा डबा आण. माझ्या नावावर लिही."

एक हात मारून, वाळेपर्यंत तो दाराशी सपाता घालून बसून राहिला. चार वाजायच्या आत निघू या, असं मी दोनदा म्हटलं. तो उठला नाही. मी व्हॅनमध्ये जाऊन थांबलो. चार वाजून गेल्यावर तो बाहेर आला.

पुढच्या हिवाळ्यात झेनोन गेला. त्या डब्याचे एकोणीस डॉलर चाळीस सेंट त्याच्या नावावर बाकी आहेत.