अर्धी गोळी आणि पिठलं

तात्यासाहेब पाचोडचे, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसला, जन्मलेले. घरात पन्नास वर्षांचा रिवाज असा, की बायकोनं, साळूबाईंनी, पिठलं उतरवलं की पहिला घास तात्यांनी चाखायचा आणि मीठ सांगायचं. म्हातारपणी दोघं शहरात, औरंगपुऱ्यात मुलाकडं राहायला आली, तरी रिवाज सुटला नाही.

मग साळूबाईंचा विसर वाढला. तीन वर्षं तो नुसता विसर होता. यंदा मात्र त्यांना गच्चीवर माणसं दिसू लागली, आणि ती माणसं तात्यांच्या हातून जेवणात विष कालवतात असा पक्का समज झाला. सून उमा देईल तेवढंच खायचं. तात्या जवळ आले की ताट झाकायचं. तात्यांना ते फार लागलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली, कान पाहिले, कुठं दुखतंय का विचारलं. सगळं ठीक निघालं, पण साळूबाई पोटभर खाईनात, म्हणून रोज अर्धी गोळी लिहून दिली.

"ही आठवणीची गोळी नाही तात्या, भीतीची आहे. हिनं अर्धांगाचा झटका येऊ शकतो, तोल जातो. म्हणून अर्धीच, तीही थोडे दिवस."

गोळी मोडून वाटीत ठेवायचं काम तात्यांकडं होतं. जन्मभर कपाशीवर फवारणी केलेला माणूस. औषधाच्या डब्यावर एक टोपण लिहिलेलं असलं की हे दोन ओतणार. चार दिवसांत फरक दिसेना, तसं त्यांनी गुपचूप अख्खी गोळी ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी साळूबाईंचं अंग लाकडासारखं झालं, पाय फरफटू लागले. दवाखान्यात तात्यांनी स्वतःच सगळं कबूल केलं.

"तात्या, ही कपाशी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन दिवस गोळी बंद ठेवली. अंग मोकळं झाल्यावर पुन्हा अर्धी, पण आता उमाच्या हातानं.

तीन आठवडे गेले. एके दुपारी तात्यांनी स्वतः पिठलं केलं, साळूबाईंसमोर बसून पहिला घास आपण खाल्ला आणि दुसरा पुढं धरला. साळूबाईंनी बराच वेळ घासाकडं बघितलं. मग तोंड उघडलं.

"मीठ कमी हाय. तुमाला कवा जमलं व्हय?"

तात्यांनी डोळे पुसत मीठ आणलं. हळूच विचारलं, "अन् ती गच्चीवरची माणसं?"

"हायत की तिथंच. बसू द्या बापड्यांना," साळूबाई म्हणाल्या, "तुमी भाकरी वाढा."