गोलकीपरने राहावं कोणत्या शहरात

तुमच्या घराच्या फाटकाची एक किल्ली तुमच्या भाडेकरू मुलीकडे आहे का? आणि पहाटे साडेचारला ते फाटक वाजलं, तुमची झोप मोडली, तर सकाळी तुम्ही तिला काय म्हणाल?

प्रश्न हॉकीचा आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, लागोपाठ तीन शहरांतून बोलावणं आलं. पुण्यात एका सरकारी खात्याचा संघ, बंगळुरूत एका बँकेचा आणि तिकडे ओडिशात, राउरकेल्याला, एका कारखान्याचा. नोकरीही आणि खेळही. ताई गोलकीपर आहे. वय सव्वीस, उजव्या गुडघ्यावर एक शस्त्रक्रिया झालेली. अशी संधी परत येईल असं आमच्या घरात कोणीच धरून चाललं नव्हतं, आणि तिन्ही ठिकाणी शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

ती जालन्यात हॉकी शिकली ती मुरमाच्या मैदानावर. मुरमावर चेंडू कुठून उसळेल याचा नेम नसतो. त्यात तिची नजर तयार झाली आणि कोपरं सोलली गेली. मोठे सामने ज्या हिरव्या कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर होतात, ते आमच्याकडे नव्हतं, आजही नाही. म्हणून दर रविवारी ती पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज भरलेलं माणसाएवढं बोचकं घेऊन गाडीनं संभाजीनगरला जायची. बाकी सहा दिवस पहाटे मुरूम.

आमच्या अप्पांचा लहानसा छापखाना आहे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाई फिसकटून वाया गेलेले कागद घरी यायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही गणितं सोडवायचो आणि कागद उलटला की कोणाचा तरी संप असायचा, कोणाचं तरी उपोषण, कुठल्या तरी वस्तीचा नळ. अप्पा सांगायचे, "पत्रकाच्या शेवटी एकच गोष्ट मागायची. ती बी अशी, की वाचणाऱ्याला सांजच्या आत करता यावी. धा मागण्या केल्या की माणूस एक बी करत न्हाई."

ताईच्या बोलावण्यांवर माझं मत पक्कं होतं. तिने कुठेच जाऊ नये. चांगले खेळाडू गाव सोडून जातात, म्हणून गावाला मैदानाची गरज वाटत नाही, आणि मैदान नाही म्हणून पुढचे खेळाडूही जातात. हे कोणीतरी थांबवायला हवं, आणि ते आमच्या घरातून सुरू व्हावं, असं मला वाटत होतं. सोमवारी जेवताना मी तसं म्हटलं.

"तीन शहरं कशाला बघून राह्यली? इथंच थांब. आपण टर्फ मागू."

"कोणाला?" ताईनं विचारलं.

"सगळ्यांना."

"आन् येईल कधी?"

"लढलं की येईल."

ताईनं भाकरीचा तुकडा मोडला. "बारके, तुझं टर्फ येईस्तोवर माझा गुडघा थांबंल का? जरा त्याला विचारून सांग."

आई हसली. मला राग आला, आणि मला राग आला की मी लिहिते.

मंगळवारी अप्पा टेंभुर्णीला लग्नपत्रिका पोचवायला गेले होते. मी छापखान्यात एकटीच बसले आणि तासाभरात पत्रक तयार केलं. वर ठळक अक्षरांत मथळा होता, 'जालना आपली गोलरक्षक गमावणार काय?' खाली मागणी एकच, टर्फची. ते मी बसस्थानकावर वाटलं आणि बुधवारी सकाळी बदनापूरच्या रेल्वे स्टेशनवर. रोज ये-जा करणारे लोक तिथे गाडीची वाट बघत उभे असतात, त्यांचे हात मोकळे असतात, आणि मोकळ्या हातात दिलेला कागद वाचला जातो. हेही अप्पांनीच शिकवलेलं.

गुरुवारी ताई गुडघ्याचा दाखला आणायला संभाजीनगरला गेली. गुडघा दाखवून तिकडेच सराव करायचा म्हणून बोचकं बरोबर होतं. संध्याकाळी परत आली, ग्लोव्हमधून गाडीत मिळालेलं, घडी घातलेलं पत्रक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"वाच."

"मीच लिहिलंय ते."

"म्हणून तर. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. 'आपल्या मातीतली ही लेक परक्या शहरात भाकरीसाठी वणवण करणार काय?' इथपर्यंत आले तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला.

"कोण वणवण करून राह्यलं?" ताई म्हणाली. "मी?"

"मी नाव नाही टाकलं."

"नाव कशाला लागतं? एवढं बोचकं घेऊन फिरणारी जिल्ह्यात दुसरी कोण हाय? बदनापूरला एक मास्तर डब्यात चढले. मला बघून हात जोडले. म्हणले, बसा ताई, फार वाईट झालं. मंग अर्ध्या डब्यानं सरकून जागा केली. एका बाईनं तर माझ्या हातावर हात ठेवला. मयत झाल्यावानी."

आईनं तोंडाला पदर लावला होता. हसत होती की नाही, कळत नव्हतं. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पत्रक उभ्याउभ्याच वाचलं.

"भाषा बराबर हाय," ते म्हणाले. "मागणी बी बराबर हाय. पण जिच्या जिवावर मागून राह्यली, तिला आधी दाखवलं होतं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी उपोषणाला बसणाऱ्या माणसाला सुद्धा आधी प्रूफ दाखवतो," अप्पा म्हणाले, आणि पत्रक माझ्या हातात परत दिलं.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्यांना उत्तर देता येतं. ती फक्त म्हणाली, "तुझ्या अख्ख्या पत्रकात टर्फ हाय, माती हाय, लेक हाय. मी झोपणार कुठं ते न्हाई. उद्या माझ्यासंगं बस आन् मी सांगते ते लिहून घे."

ती असं का म्हणाली, हे कळायला आमचं घर माहीत हवं. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालक, बियाणांचे व्यापारी. राजस्थानातून त्यांचे आजोबा इथे आले. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली भाभी म्हणते. त्यांच्या घरात अंडं येत नाही, म्हणून आमच्याकडेही येत नाही. ताई आपली अंडी मैदानाजवळच्या गाड्यावर खाते. आणि फाटक रात्री दहाला बंद होतं, ते सकाळी सहाला उघडतं. ताई कॉलेजात गेली तेव्हा सराव पाचला सुरू व्हायचा. भाभी नाही म्हणाल्या. मग ताई महिनाभर भिंतीवरून उडी मारून गेली. आधी पॅड पलीकडे फेकायचे, मग स्वतः. एका पहाटे भाभींनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांना वाटलं, चोर गादी पळवतोय. त्या दिवशी दुपारी त्या वर आल्या, लाल धाग्यात ओवलेली किल्ली ताईच्या हातात ठेवली. "भींत कूदेगी तो टांग टूटेगी. ले, बिलकुल आवाज नहीं करने का."

सरावानंतर पॅड गच्चीवर वाळत पडायचे, भाभींच्या मंगोड्यांच्या, म्हणजे मुगाच्या सांडग्यांच्या, शेजारी. "तेरे पॅड का वास मेरी मंगोडी को लगा ना," भाभी म्हणायच्या, "तो तेरी शादी में यही परोसूंगी." पण त्यांनी पॅड कधी हलवले नाहीत.

म्हणजे ताई नऊ वर्षं खेळू शकली त्यात त्या किल्लीचा आणि त्या गच्चीचा वाटा होता. मी त्याच घरात वाढले आणि मला ते दिसलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ताई फोन घेऊन बसली. तिन्ही ठिकाणी टर्फ चांगलं होतं, पगार जवळपास सारखे होते. पण पहिलं वर्ष राहायची सोय ज्याची त्याने करायची होती. ओळखीच्या खेळाडूंकडून तिने भाड्याच्या खोल्यांचे नंबर आणले होते. प्रत्येकाला ती दोनच गोष्टी विचारत होती. पहाटे साडेचारला फाटक उघडेल का, आणि पॅड कुठे वाळत घालू. फोनचा आवाज मोठा केलेला होता. मी पेन्सिल घेऊन शेजारी.

पुण्यात एक वयस्कर काका होते. फार अदबीनं बोलले. "फाटक सहाला उघडतं हो. त्याआधी नाही."

"काका, सराव साडेपाचला असतो."

"मग तुमच्या सरांना सांगा ना, सहानंतर ठेवा म्हणावं. सगळ्यांचीच सोय होईल."

ताईनं फोनवर हात ठेवून हसू दाबलं. दुसऱ्या घरी गच्ची फक्त मालकांची होती. तिसऱ्या घरी मुलीच नको होत्या.

बंगळुरूच्या बाई हिंदीत बोलल्या. किल्ली देऊ म्हणाल्या, त्यांना अडचण नव्हती. फाटकावर कॅमेरा आहे, तुम्ही कधी गेलात, कधी आलात, ते दर रविवारी तुमच्या वडिलांना पाठवू.

"मला कशाला?" अप्पा आतून म्हणाले. "माझ्याकडं वाचायला कागद कमी हायेत का?"

दोन-चार घरांवरून शहर ठरत नाही, हे मला कळतं. त्याच शहरांत दार उघडून देणारी घरंही असतील. पण आमच्याकडे एकच दिवस उरला होता.

राउरकेल्याचा फोन उचलला तेव्हा मागे भांडी वाजत होती. बाईंचा आवाज जाड होता. ताईनं किल्लीचं विचारलं.

"चाबी दरवाज़े के पास कील पर रहती है," बाई म्हणाल्या. "जो पहले उठे, ले जाए. तुम खेलती कहाँ हो?"

"गोल में."

भांडी थांबली. "तो सुनो. पैड धूप में मत डालना. फोम कड़क हो जाता है. छत पर टीन के नीचे रस्सी बँधी है, उसी पर टाँगना. पहले वाली लड़की ने बाँधी थी."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी लिहायची थांबले होते.

"और अंडा चलेगा?" तिने विचारलं.

"अंडा? मुर्गी ही आँगन में घूमती है."

ताईनं फोन ठेवला. मग आई म्हणाली, "लई लांब हाय."

"हो," ताई म्हणाली.

"तिकडं भातच खात असतील."

"पीठ दे बांधून."

आई उठली आणि ज्वारीचा डबा उघडून बघायला लागली. मला वाटतं, आमच्या घरात निर्णय झाला तो तेव्हाच. ताईनं राउरकेल्याला होकाराचा फोन मात्र शनिवारी चारला केला, सगळ्यांना जेवू घालून.

मी तिला एकच विचारलं. "मंग इथलं मैदान?"

"तू माग की. मी कुठं नको म्हणले? फक्त माझ्या नावावर न्हाई, तुझ्या नावावर माग."

दुसरं पत्रक मी तिला आधी दाखवलं. तिने 'परक्या' हा शब्द खोडला, 'वणवण'चं तर पूर्ण वाक्यच खोडलं, आणि 'मुरमावर कोपरं सोलतात' एवढं स्वतःच्या हातानं लिहिलं. तेच सगळ्यांत जास्त वाचलं गेलं. टर्फ अजून आलेलं नाही. मी अजून पत्रकं वाटते, बदनापूरलाही. ते मास्तर भेटले की विचारतात, "ताई बऱ्या हायेत का?" मी सांगते, खेळून राह्यली.

जायच्या दिवशी ताईनं लाल धाग्याची किल्ली भाभींना परत केली. भाभींनी ती पदराला बांधली. गच्चीवर मंगोड्यांच्या शेजारची जागा बरेच दिवस मोकळीच होती. भाभी तिथे पसरायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, उधर धूप कम आती है. ऊन तिथेही तेवढंच येतं.

आता ताई आठवड्यातून एकदा फोन करते. टर्फ कसं आहे ते सांगते, गुडघा कसा आहे ते सांगते. पहाटे ती खिळ्यावरची किल्ली काढते तेव्हा त्या बाई आधीच उठलेल्या असतात आणि म्हणतात, धीरे खोलना, मुर्गी जाग जाएगी. खेळाडूंना राहायला कोणतं शहर चांगलं, यावर लोक टर्फ मोजतात, हवा बघतात, पगार बघतात. बघावंच. मीही टर्फ मागतच राहणार आहे. पण टर्फ येईल तेव्हा येईल, आणि तोवरही कोणाला तरी पहाटे बाहेर पडावं लागणार आहे.

म्हणून अप्पांच्या नियमाप्रमाणे एकच मागते. तुमच्याकडे भाड्यानं राहणारी कोणी मुलगी असेल, खेळाडू असो, नर्स असो की अभ्यास करणारी, तर आज संध्याकाळच्या आत किल्लीवाल्याकडे जा, फाटकाची आणखी एक किल्ली करून घ्या, आणि तिने मागायच्या आधी तिच्या हातात नेऊन द्या.